कब्ज्याचा हुकूमनामा मिळाला, कब्जा मिळत नाही: दरखास्तीला गती कशी द्यावी?

ऐरोलीकर यांचा प्रश्न:

सर्वांना नमस्कार. ठाण्याच्या जुन्या वस्तीतील एका गृहनिर्माण संस्थेत माझ्या आईच्या नावावर सदनिका आहे. वडील हयात असताना त्यांच्या चुलतभावाची नोकरी गेली, तेव्हा थोड्या दिवसांसाठी म्हणून वडिलांनी ती सदनिका त्यांना राहायला दिली. भाडे ठरले नव्हते आणि कागदही केला नव्हता, कारण घरच्या माणसाकडे कागद मागणे त्यांना प्रशस्त वाटले नाही. वडील गेल्यानंतर आईने जागा परत मागितली, तेव्हा काकांनी ‘दादांनी ही जागा मला तोंडी देऊन टाकली आहे’ असे उत्तर दिले.

२०१३ साली आईने दिवाणी दावा दाखल केला आणि २०२३ साली तो आईच्या बाजूने लागला. स्थावर मालमत्तेचे दान नोंदणीकृत दस्ताशिवाय होत नाही, म्हणून तोंडी दानाचा बचाव न्यायालयाने फेटाळला, प्रतिवादीने ३ महिन्यांत रिकामा कब्जा द्यावा असा हुकूमनामा केला आणि मधल्या काळातील नुकसानभरपाईची वेगळी चौकशी करण्यास सांगितले. निकालाच्या दिवशी आईने देवापुढे साखर ठेवली. त्या दिवशी सर्व संपले असे आम्हा सर्वांनाच वाटले होते.

मुदत संपल्यावर आम्ही दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल केली. काकांनी जिल्हा न्यायालयात अपील केले असून स्थगितीचा अर्जही दिला आहे, परंतु त्यावर अद्याप आदेश झालेला नाही. दरखास्तीची नोटीस बजावण्यातच बराच काळ गेला, त्यानंतर कब्जा वॉरंट निघाले आणि बेलीफ (न्यायालयाचे आदेश बजावणारे कर्मचारी) जागेवर गेले. दार एका अनोळखी गृहस्थांनी उघडले. काका घोडबंदर रस्त्यावरील स्वतःच्या घरी राहायला गेले असून आपण त्यांच्याकडून ही जागा भाड्याने घेतली आहे, असे सांगून त्यांनी एका कराराची छायाप्रत दाखवली. बेलीफ अडथळ्याचा अहवाल लिहून परतले, आणि तेव्हापासून अपील प्रलंबित असल्याच्या कारणावरून पुढची तारीख पडते आहे.

आईचे वय आता ऐंशीच्या घरात आहे. दरखास्त ६ महिन्यांत निकाली काढावी असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितल्याचे वाचले होते. ते आमच्यासारख्यांना लागू होते का, आणि होत असेल तर ते न्यायालयापुढे कसे मांडायचे? शिवाय त्या अनोळखी कुटुंबाविरुद्ध आता नवा दावा लावावा लागेल का, हा प्रश्न मला सर्वाधिक छळतो आहे. आमच्या वकिलांवर माझा विश्वास आहे. पुढच्या तारखेला त्यांच्याशी समजून बोलता यावे, एवढ्यासाठीच हे विचारते आहे.

निवृत्त नाझर यांचे उत्तर:

ताई, कोकणातील निरनिराळ्या न्यायालयांच्या नाझर विभागात, म्हणजे वॉरंट व नोटिसा बजावणाऱ्या विभागात, माझी नोकरी झाली. कायद्याचे वकीलमंडळी सांगतील. वॉरंट न्यायाधीशांच्या सहीपासून तुमच्या दारापर्यंत कसे जाते आणि वाटेत कुठे अडते, तेवढे मी सांगतो, कारण पक्षकारांना तो भाग कोणी समजावून सांगत नाही.

वॉरंटवर दोन तारखा असतात: ते कोणत्या दिवसापर्यंत बजावायचे आणि न्यायालयात परत कधी पाठवायचे. पहिली तारीख उलटली की तो कागद निरुपयोगी होतो आणि नवे वॉरंट मागावे लागते. एका बेलीफाकडे समन्स, नोटिसा, जप्ती, कब्जा अशी सर्व कामे असतात. त्यामुळे वॉरंट निघाल्याबरोबर बेलीफ भत्ता भरून, नाझर विभागात जाऊन दिवस ठरवून घेणारा पक्षकार आणि ‘निघाले आहे, होईल’ म्हणून घरी थांबणारा पक्षकार यांच्या बजावणीत फार फरक पडतो. हा फरक पडू नये हे मला मान्य आहे, पण तो पडतो.

दुसरी अडचण मिळकतीच्या वर्णनाची असते, आणि ठाण्यात ती विशेष जाणवते. दावा दाखल होतो तेव्हा वादपत्रात ‘दुसरा मजला, खोली क्रमांक ७’ असे लिहिलेले असते. पुढे संस्था नवे क्रमांक देते, इमारतीचे नाव बदलते, कधी पुनर्विकासाची बोलणी चालू असतात, आणि बेलीफ प्रत्यक्ष जातो तेव्हा दारावर ‘२०३’ अशी पाटी असते. समोरचा माणूस ‘ही ती जागा नव्हे’ एवढेच म्हणतो. अशा वेळी बेलीफाने दार उघडून घेतले तर उद्या त्याच्यावरच तक्रार होईल, म्हणून तो अहवाल लिहून परत येतो. यासाठी भाग दाखला, मालमत्ता कराचे बिल, वीजबिल आणि जुना व नवा क्रमांक एकाच जागेचा असल्याचे संस्थेचे पत्र आधीच दाखल करून ठेवावे. वर्णनात केवळ लेखनाची चूक असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५२ खाली ती दुरुस्त करून घेता येते.

तिसरे, पोलीस बंदोबस्त आणि कुलूप. विरोध होणार हे दिसत असेल तर वॉरंटाबरोबरच या दोन्हींचे अर्ज देऊन आदेश घ्यावेत आणि बंदोबस्ताचे शुल्क वेळेवर भरावे. त्याच संहितेच्या आदेश २१ नियम ३५ प्रमाणे, हुकूमनामा ज्याच्यावर बंधनकारक आहे तो आत जाऊ देत नसेल तर रीतसर सूचना देऊन, घरात लोकांसमोर न येणाऱ्या स्त्रिया असतील तर त्यांना बाहेर पडण्याची सोय करून, न्यायालयाचा अधिकारी कुलूप काढू शकतो किंवा दार तोडू शकतो. मी पाहिलेल्या कब्ज्यांपैकी जे त्याच दिवशी पुरे झाले, त्यांत कुलूपवाला, दोन पंच, सामान उचलणारी माणसे आणि नवे कुलूप ही सर्व तयारी डिक्रीदाराने, म्हणजे हुकूमनामा मिळालेल्या पक्षकाराने, करून आणलेली होती. सामानाची यादी पंचनाम्यात एकेक वस्तू लिहून करावी लागते. गॅसची शेगडी, देव्हारा, मुलांची पुस्तके सर्वच. ते सामान कोणी ताब्यात घ्यायचे हे ठरलेले नसेल तर संध्याकाळ होते आणि बाकीचे काम पुढच्या तारखेवर जाते. शेवटी कब्जा पावतीवर डिक्रीदाराची सही होते. आई एवढा वेळ उभ्या राहू शकणार नसतील तर तुमच्या नावे कुलमुखत्यारपत्र आतापासूनच करून ठेवा.

कोर्टनाका वकील यांचे उत्तर:

नाझरसाहेबांनी सांगितलेले सर्व खरे आहे, परंतु ताईंच्या प्रकरणात खरा उशीर बेलीफाच्या पायरीवर झालेला नाही. अडथळ्यानंतर काय करायचे ते वेळेत केले गेले का, हा येथे कळीचा प्रश्न आहे.

प्रथम तुमच्या सर्वांत मोठ्या चिंतेविषयी. नवा दावा लावण्याची गरज नाही. त्रयस्थाने अडथळा केल्यास डिक्रीदाराने त्याच दरखास्तीत आदेश २१ नियम ९७ खाली अर्ज करायचा असतो, आणि त्या माणसाचा हक्क, मालकी किंवा हितसंबंध याविषयीचे सर्व प्रश्न नियम १०१ प्रमाणे दरखास्त चालवणाऱ्या न्यायालयानेच ठरवायचे असतात. दिवाणी प्रक्रिया संहितेत १९७६ साली झालेल्या दुरुस्तीचा हेतूच हा होता, कारण तोपर्यंत अशा हरकतीवरून स्वतंत्र दावे उभे राहत आणि एका हुकूमनाम्याच्या पोटी दुसरा खटला जन्माला येई. या अर्जाला मुदतीच्या कायद्याच्या अनुच्छेद १२९ प्रमाणे अडथळ्याच्या तारखेपासून ३० दिवसांची मुदत आहे. तो दिला गेला आहे का, हे आजच वकिलांना विचारा. दिला नसेल तर नवे वॉरंट मागण्याचा मार्ग मोकळा आहे, परंतु त्यात पुन्हा वेळ जाईल.

आता या अर्जात वेळ का जातो, ते सांगतो. अडथळा करणाऱ्याचा जबाब, मग मुद्दे, मग साक्षीपुरावा अशी पूर्ण दाव्यासारखी चौकशी मागितली जाते आणि अनेकदा ती दिलीही जाते. वास्तविक सिल्व्हरलाइन फोरम विरुद्ध राजीव ट्रस्ट या १९९८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, अडथळा करणाऱ्याने उपस्थित केलेला प्रत्येक प्रश्न पुरावा घेऊन ठरवण्याची आवश्यकता नसते. तो प्रश्न कायद्याने उद्भवतो का, हे न्यायालय आधी पाहू शकते. त्यामुळे त्या कराराची तारीख शोधा. दावा दाखल झाल्यानंतर प्रतिवादीने जागा दुसऱ्याच्या हवाली केली असेल, तर नियम १०२ प्रमाणे अशा हस्तांतरिताला विरोध करण्याचे संरक्षण मिळत नाही. केवळ लिव्ह अँड लायसन्स असेल तर त्या माणसाला जागेत स्वतःचा कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही आणि तो प्रतिवादीच्या पायावरच उभा राहतो. अडथळा प्रतिवादीच्या चिथावणीने झाल्याचे दिसले तर नियम ९८ प्रमाणे कब्जा देण्याचा आदेश होतो, आणि त्यानंतरही विरोध चालू राहिल्यास ३० दिवसांपर्यंत दिवाणी कैदेची तरतूद आहे. करार नोंदणीकृत असल्यास नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक २ चा (नोंदलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्याचा) शोध घेता येतो.

अपील प्रलंबित असल्यामुळे तारीख पडते, हे मला अजिबात पटत नाही. आदेश ४१ नियम ५ मध्ये अगदी स्पष्ट लिहिले आहे की, केवळ अपील दाखल केल्याने हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीला स्थगिती मिळत नाही. स्थगितीचा अर्ज निकाली निघावा यासाठी जिल्हा न्यायालयात तुम्हीच आग्रह धरा. अपील करणारा त्या अर्जावर आदेश मागत नाही, कारण न ठरलेला अर्जच त्याच्या उपयोगी पडतो. स्थगिती द्यायची झाली तरी ती अटींवर द्यावी अशी मागणी करा. आत्माराम प्रॉपर्टीज विरुद्ध फेडरल मोटर्स या डिसेंबर २००४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, कब्ज्याच्या हुकूमनाम्याला स्थगिती देताना अपिलीय न्यायालय वाजवी दराने रक्कम भरण्याची अट घालू शकते. ते प्रकरण भाडेकरूचे होते, तरी त्यातील तत्त्व तुमच्या वकिलांना उपयोगी पडेल. दरमहा बाजारभावाने रक्कम भरावी लागली की पुष्कळ अपिलांतील घाई अचानक वाढते, हा माझा अनुभव आहे.

६ महिन्यांच्या मुदतीविषयी आपण वाचले ते बरोबर आहे. राहुल शाह विरुद्ध जिनेंद्र कुमार गांधी या २२ एप्रिल २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, दरखास्त दाखल झाल्यापासून ६ महिन्यांत निकाली काढावी आणि मुदत वाढवायची असल्यास त्याची कारणे लेखी नोंदवावीत. मार्च २०२५ मध्ये पेरियम्मल प्रकरणात त्याच न्यायालयाने सर्व उच्च न्यायालयांना प्रलंबित दरखास्तींची माहिती गोळा करण्यास सांगितले. त्यातून ऑक्टोबर २०२५ मध्ये पुढे आलेला आकडा देशभरात सुमारे ८ लाख ८२ हजार दरखास्तींचा होता, आणि त्यांपैकी सुमारे ३ लाख ४१ हजार एकट्या महाराष्ट्रातील होत्या. आपल्या राज्यातील वकील म्हणून हा आकडा मला अतिशय अस्वस्थ करतो. हुकूमनामा मिळाल्यावरच पक्षकाराच्या अडचणी सुरू होतात, असे प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाने) भारतातील दाव्यांविषयी १८७२ साली लिहून ठेवले होते, आणि आज ताईंचा प्रश्न त्याच जागी उभा आहे.

मुदत संपली म्हणून दरखास्त आपोआप मंजूर होत नाही. २०२१ च्या निकालाचा उल्लेख करून आणि आईच्या वयाचा पुरावा जोडून जवळच्या तारखांसाठी लेखी अर्ज द्यावा, आणि समोरच्याने मुदत मागितल्यास आपली हरकत रोजनाम्यात, म्हणजे प्रत्येक तारखेच्या कामकाजाच्या नोंदीत, नोंदवून घ्यावी. एवढे करूनही हालचाल झाली नाही, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ खाली उच्च न्यायालयाकडून कालबद्ध निर्देश मागता येतात. त्या वेळी आपली हरकत दाखवणारा रोजनामा हाच तुमचा मुख्य आधार असतो.

तुर्भे व्यापारी यांचे उत्तर:

माझा हुकूमनामा पैशांचा आहे, त्यामुळे थोडे वेगळे मत मांडतो. कब्ज्याच्या प्रकरणात निदान मिळकत जागेवर असते. माझ्या प्रतिपक्षाने दावा चालू असतानाच गोदाम रिकामे केले, वाहने दुसऱ्याच्या नावावर केली आणि हुकूमनामा हाती आला तेव्हा जप्त करायला काही उरले नव्हते. निकालापूर्वीच जप्ती मागण्याची तरतूद आदेश ३८ नियम ५ मध्ये आहे. मिळकत नाहीशी होण्याची चिन्हे दिसताच तिचा विचार व्हायला हवा. दरखास्तीत आदेश २१ नियम ४१ खाली मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र मागितल्यावर मात्र फरक पडला, कारण ते न देणाऱ्याला ३ महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. त्या प्रतिज्ञापत्रातून मला ठाऊक नसलेले एक बँक खाते समजले आणि ते गोठवता आले.

तरीही ताईंना मी तडजोडीचा विचार करा असे सुचवेन. उरलेली रक्कम मी हप्त्यांनी घेण्याचे मान्य केले आणि लोकअदालतीत तसा निवाडा करून घेतला. त्या निवाड्याला हुकूमनाम्याचेच बळ असते आणि त्यावर अपील होत नाही. तडजोड बाहेर केली असेल तर तिची नोंद आदेश २१ नियम २ प्रमाणे न्यायालयात करून घेणे मात्र अत्यावश्यक आहे, कारण नोंद नसलेली फेड दरखास्त चालवणारे न्यायालय विचारात घेत नाही. आईंच्या वयाचा विचार करता काही सोडून काही मिळवणे कदाचित श्रेयस्कर ठरेल.

ऐरोलीकर:

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, मी खरोखर ऋणी आहे. नियम ९७ चा अर्ज आमच्या वकिलांनी मुदतीत दिलेला आहे, याची खात्री करून घेतली. संकेतस्थळावर शोध घेतला असता तो लिव्ह अँड लायसन्सचा करार २०१९ साली नोंदवलेला आढळला, म्हणजे दावा दाखल झाल्यानंतर ६ वर्षांनी. त्यात काकांनी स्वतःला सदनिकेचे मालक म्हणून दाखवले आहे आणि अनामत रक्कम व दरमहाचे शुल्क दोन्ही नमूद आहे. ज्या जागेसाठी त्यांनी आईला कधी एक रुपया दिला नाही, तिचे भाडे ते दर महिन्याला घेत होते, हे वाचून मला रात्रभर झोप लागली नाही.

व्यापारी काका, आपला सल्ला काळजीपोटी आहे हे जाणून आहे. परंतु नातेवाइकांमार्फत आलेला निरोप असा आहे की, आम्ही काही रक्कम दिली तर आमचे काका जागा सोडतील. आई त्याला तयार नाही. या घराचे कर्ज बाबांनी जादा पाळ्या करून फेडले, आपल्याच घरात जाण्यासाठी मी पैसे मोजणार नाही, असे ती म्हणते, आणि तिला समजावण्याची माझी इच्छा नाही. माझी चिंता इतकीच आहे की, तिच्या हयातीत हे झाले नाही, तर सर्व पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल का?

कोर्टनाका वकील:

ताई, आपल्याला सापडलेल्या कराराचे महत्त्व दुहेरी आहे. त्याची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधक कार्यालयातून घ्या आणि नियम ९७ च्या अर्जात दाखल करा. दावा २०१३ चा आणि करार २०१९ चा, हे दोन्ही कागदांवरूनच दिसत असल्याने साक्षीपुराव्याशिवाय अर्ज निकाली काढण्याची विनंती करता येईल. तीच प्रत नुकसानभरपाईच्या चौकशीतही दाखल करा. बेकायदा कब्जेदाराने मिळकतीतून प्रत्यक्ष मिळवलेले किंवा वाजवी प्रयत्नांनी मिळवता आले असते असे उत्पन्न, व्याजासह, ही मध्यंतरीच्या उत्पन्नाची कायद्यातील व्याख्या आहे, आणि करारातील शुल्काचा आकडा काकांनी स्वतःच्या सहीने लिहून दिलेला आहे. ती चौकशी पूर्ण होईपर्यंत कब्ज्याची दरखास्त थांबवण्याचे मात्र काहीही कारण नाही. कोणी तसे सुचवल्यास विरोध करा.

आत राहणाऱ्या कुटुंबाशी एकदा शांतपणे बोलून पाहावे, असे मला वाटते. त्यांचीही फसवणूक झालेली आहे, आणि आपली अनामत काकांकडून परत मागण्याचा मार्ग त्यांना खुला आहे, हे समजल्यावर ते न्यायालयात तसे लेखी देऊन जागा सोडण्याची शक्यता असते. ते बोलणे वकिलांमार्फतच व्हावे.

तडजोडीबाबत मी आईंच्या बाजूने आहे. हुकूमनामा आणि हा करार हाती असताना कब्ज्यासाठी पैसे मोजण्याचा विचार मी पक्षकाराला सुचवणार नाही.

नियम ९७ वरील आदेश हा हुकूमनामाच समजला जातो आणि त्यावर अपील होते. त्यामुळे आदेश होण्यापूर्वीच अपिलीय न्यायालयात कलम १४८-अ खाली कॅव्हेट दाखल करून ठेवा, म्हणजे आपले म्हणणे ऐकल्याशिवाय एकतर्फी स्थगिती मिळणार नाही. कॅव्हेटची मुदत ९० दिवसांची असते, ती संपण्यापूर्वी नवे दाखल करावे लागते.

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर असे की, पहिल्यापासून काहीही सुरू होणार नाही. पक्षकाराच्या मृत्यूनंतर वारस मुदतीत न आल्यास दावा रद्द होतो, तो नियम दरखास्तीला आदेश २२ नियम १२ ने लागू नाही. कायदेशीर वारस त्याच टप्प्यावरून ती पुढे चालवू शकतात. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीला १२ वर्षांची मुदत आहे आणि आपली दरखास्त तर दाखलच आहे. मात्र आईंचे मृत्युपत्र आत्ताच करून घ्या, त्यात या सदनिकेचा आणि नुकसानभरपाईच्या रकमेचा स्पष्ट उल्लेख असू द्या, आणि संस्थेकडे केलेल्या नामनिर्देशनावर विसंबून राहू नका, कारण नामनिर्देशनाने मालकी मिळत नाही. एका साक्षीदारासाठी आईंच्या नेहमीच्या डॉक्टरांना विनंती करा.